कुंचीतली मोहरी

बाईंनी मला कधी नावानं हाक मारली न्हाई. बेचाळीस म्हणायच्या. आम्ही नांदेडला त्यांची खोली बघायला गेलो त्या दिवशी गाव कोणतं, माणसं किती, काही विचारलं न्हाई, सरळ मला दाराजवळच्या वजनाच्या काट्यावर उभं केलं, चष्मा कपाळावर सारला, खाली वाकल्या अन् म्हणल्या, "बेचाळीस. अन् पोटात पाचवा महिना. हिला घरात कोणी खाऊ घालतं का न्हाई?" मला रडूच आलं. पर खोली मिळाली. ह्यांना उभं केलं, हे चौपन्न भरले. मग तेच आमचे नावं. "ए बेचाळीस, नळ आला, हंडे लाव. चौपन्न कुठं गेला?" हे एका दुकानाचा टेम्पो चालवतात, गल्लीतले पोट्टे टेम्पोला सुदीक चौपन्नचा टेम्पो म्हणायला लागले.

बाई म्हणजे आमच्या घरमालकीण. सरकारी नर्स व्हत्या. सगळी नोकरी तिकडं माहूरच्या डोंगरात, गोंड-कोलामांच्या पाड्यांवर केली, अन् रिटायर झाल्यावर इथं तीन खोल्या बांधल्या. नवरा केला व्हता का न्हाई ते गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं अन् विचारायची कोणाची छाती नव्हती. पायात पांढरे मोजे घालून वर चप्पल घालायच्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. अन् जे दिसंल ते वजन करायच्या. त्यांच्याकडं आकड्याचा काटा व्हता, टांगायचा, लेकरं झोळीत घालून मोजतात तसला, तो त्यांनी अंगणातल्या लिंबाच्या फांदीला लटकवला व्हता. त्याला पपई टांगायच्या, धुण्याची बोचकी टांगायच्या, एकदा मांजर टांगलं व्हतं. भाजीवाला आमच्या गल्लीतून पळत जायचा. आमच्या शेजारची म्हातारी वारली तवा बाई तिरडीजवळ दोन मिनिटं उभ्या राहिल्या अन् माह्या कानात म्हणल्या, "चौतीस. सुना होत्या तीन."

कोणाचं लेकरू बघून छान हाय, गोड हाय असं त्या म्हणायच्याच न्हाईत. मी एकदा विचारलं, बाई तुम्ही लेकरांचे लाड कामून करत न्हाईत? तर म्हणल्या, "डोळा लाडात येतो बेचाळीस. लाडात आला की आंधळा होतो. काटा लाडात येत न्हाई."

मला पोरगी झाली. अडीच किलोला जरा कमी. बाईंनी त्यांच्या दाराशेजारी भिंतीवर कोळशानं आकडा लिहिला. गल्लीतल्या सगळ्या लेकरांचे आकडे त्या भिंतीवर व्हते, एकाखाली एक, दर गुरवारी नवा. गुरवारी सकाळी सगळ्या बाया लेकरं घेऊन लिंबाखाली जमायच्या, न्हाई आलं की बाई घरात घुसून उचलून न्यायच्या.

माही सासू, आत्याबाई, बाळंतपणाला बिलोलीहून आल्या व्हत्या त्या राहिल्याच. त्यांचं अन् बाईंचं पहिल्याच गुरवारी वाजलं. बाई म्हणल्या कपडे काढा. आत्याबाई म्हणल्या, "चारचौघीत उघडं लेकरू टांगायचं न्हाई. नजर लागती."

"नजर लागून कोणी मरत न्हाई. न खाऊन मरतं."

"तुम्हाला लेकरू असतं म्हणजे कळलं असतं."

 बाईंनी आत्याबाईंकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं अन् म्हणल्या, "बहात्तर. वर एखादा किलो तोंडाचा." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पर लेकराला मोजायला मिळावं म्हणून बाईंनी माघार घेतली. झबलं अन् कुंची ठेवायची अन् त्याचं पाव किलो कमी धरायचं, असं ठरलं. तिथंच सगळं चुकलं. न्हाई, तिथं न्हाई चुकलं. चुकलं माह्याकडं, मी कशाला दुसऱ्यावर घालू.

तिसऱ्या महिन्यात आकडा अडला. एका गुरवारी तीन किलो दोनशे, पुढच्या गुरवारी तीन दोनशे, त्याच्या पुढच्या गुरवारी सुदीक तेच. बाई सगळ्यांसमोर ओरडल्या, "बेचाळीस, काय करून राहिली तू? भिंत पुढं सरकंना. उद्या दवाखान्यात चल." मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणल्या दवाखाना कशाला, हिच्या अंगावरचं दूधच पाणी हाय. अन् घरात आल्यावर ह्यांना म्हणल्या, "लेकरू मी घेऊन जाते बिलोलीला, म्हशीच्या दुधावर पोसते. हिला सोडून ये देवणीला, मायकडं. पुढचं पुढं बघू."

पुढचं पुढं म्हणजे काय ते मला कळलं. आमच्या गावात दोघीजणी अशाच मायकडं राहिल्या व्हत्या, त्यांना परत कोणी नेलं न्हाई. हे मोबाइल बघत बसले.  सातवीत शाळा सुटली माही, मला बोलायला येत न्हाई, भांडायला येत न्हाई, मला एकच कळत व्हतं, आकडा वाढला पायजे, न्हाई तर पोरगी जाती.

आमच्याकडं बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. माह्या मायनं स्वताच्या हातानं शिवून धाडली व्हती. मी ती उशी उसवली. कुंचीला आतून अस्तर व्हतं, त्याच्या काठाला दोन मुठी मोहरी भरली अन् बारीक टाका घातला. सुई तीनदा बोटात गेली.

गुरवारी बाईंनी टांगलं. चष्मा वर सारला. त्यांना मोतीबिंदू व्हता, आकडा बघायला नाक लावायला लागायचं. "वाढलं! बेचाळीस, वाढलं गं!" अन् हसल्या. त्यांचा आतला एक दात सोन्याचा हाय ते मला त्या दिवशी कळलं, तोवर हसताना बघितलंच नव्हतं. घरात गेल्या अन् डिंकाचा लाडू आणून माह्या तोंडात कोंबला. आत्याबाई बिलोलीचं नाव घ्यायच्या बंद झाल्या. मी तो लाडू गिळला कसा ते मलाच ठाऊक.

मग थांबायचं कसं? दर गुरवारच्या आधी एक मूठ. किराण्यातून मोहरी आणायची अन् सांगायचं फोडणीला लागते. उशीची मोहरी संपली, डब्यातली संपत आली, भिंतीवरचे आकडे चढत गेले. पोरगी जेमतेम. कुंची वाढून राहिली व्हती.

अन् पोरीचं काय चाललं व्हतं ते मी बघत व्हते, पर मला कळत नव्हतं. प्यायला घेतली की तिच्या कपाळावर घामाचे थेंब यायचे. पाऊस पडून गारवा असला तरी यायचे. चार घोट प्यायची, सोडायची, धापा टाकायची, परत धरायची. रडली की ओठ जांभळे. नजर लागंल म्हणून मी पदराखाली घेऊन आत बसायचे, बाईंना ते दिसायचंच न्हाई. आत्याबाई घाम पुसत म्हणायच्या, "आतापासून घाम गाळती, कष्टाळू निघंल माही नात." अन् मला ते खरं वाटायचं. खरं वाटून घ्यायची मी.

दिवाळी आली. बाई दरवर्षी दिवाळीत माहूरला जायच्या, मोजे नवे घालून. त्या वर्षी म्हणल्या, "बेचाळीस, तू चल. भिंतीवर तुह्या पोरीचा आकडा सगळ्यात भारी चढलाय, तिला डोंगर दाखवू." मी न्हाई म्हणत व्हते. पर आत्याबाईंना देवीचं नाव ऐकलं की दम निघत न्हाई, म्हणल्या जा, रेणुकामायच्या पायावर घालून आण. मला त्या डोंगराचीच भीती. लहानपणी माय सांगायची तिकडचे लोक अंगाला राख फासतात, लेकरांवर काय काय करतात. मी जास्तीची मोहरी घालून कुंची शिवली, पोरीला गुंडाळली अन् बसमध्ये बसले.

बाई खिडकीशी. पिशवीत काटा. शेजारी एक बाई सीताफळाची पाटी घेऊन बसली व्हती, बाईंनी अर्ध्या रस्त्यात ती काट्याला लावली. कंडक्टर म्हणला, "मावशी, बाजार खाली उतरल्यावर भरवा." बाई म्हणल्या, "तुझा गल्ला घेऊन ये, तो पण मोजते." सगळी गाडी हसली. मग घाट लागला. सागाचे झाडं, खाली दरी, दरीत धुकं, वर देवीचं शिखर. लई चांगलं दिसत व्हतं, लोक मोबाइल बाहेर काढून काढून राहिले, अन् मी फक्त पोरीच्या नाकाजवळ बोट धरून बसले व्हते, श्वास येतो का बघत. वर चढलो तशी ती जास्तच धापत व्हती. मला वाटलं चढण गाडीला लागती तशी लेकराला लागत असंल.

देवीचं दर्शन झालं. गावात दंडार चालू व्हती, दिवाळीत तिकडचे गोंड-कोलाम गावोगाव नाचत जातात. मोरपिसांचे हे मोठाले टोप, अंगाला राख, कमरेला घुंगरं, ढोल असा की छातीत वाजतो. बाहेरगावचे पाव्हणे त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरून उभे. बाई एकाला म्हणल्या, "अहो दादा, त्यांना राम राम तरी घाला. झाडाचा फोटो काढून राहिले का?" तो पाव्हणा लाजून मागं सरकला. एक टोपवाला माह्याकडं आला, मी पोरीचं तोंड झाकलं. तो लांबच थांबला. हात जोडले, हसला, तोंडावरची राख तडकली, अन् आत कोणाच्या तरी बापाचं तोंड दिसलं, ह्यांच्यासारखंच, झोप न झालेलं.

तिथून बाई मला जीपनं अन् मग पायवाटेनं एका पाड्यावर घेऊन गेल्या. पंधरा-वीस घरं, शेणानं सारवलेले अंगण, सगळं लख्ख. एका अंगणात एक कोलाम म्हातारी बसली व्हती, बाईंच्याच वयाची. बाईंना बघून उठली अन् दोन्ही हात धरले. "आली बहीण. मला वाटलं औंदा गुडघे येऊ देत न्हाईत."  माह्या गल्लीतल्या, सगळ्यांना आकड्यानं हाक मारणाऱ्या बाई, तिच्यापुढं शाळेतल्या पोरीसारख्या मान खाली घालून उभ्या.

म्हातारीनं चहा ठेवला, दूध नव्हतं, गुळाचा काळा. अंगणात बाया उन्हात उघडे लेकरं मांडीवर घेऊन बसल्या व्हत्या. म्हातारी मला म्हणली, "अगं, हे काय गाठोडं करून ठेवलं? ऊन लागू दे तिच्या अंगाला." मी न्हाई म्हणायच्या आत तिनं पोरीला उचललं, कुंची सोडली अन् बाजूला टाकली.

कुंची धप्पकन पडली. कापूस पडतो तशी न्हाई, धोंडा पडतो तशी.

सगळ्यांनी वळून बघितलं. बाईंनी चहाची वाटी खाली ठेवली. कुंची उचलली. काठ दाबून बघितला. पिशवीतून काटा काढला, कुंची आकड्याला लावली, नाक लावून बघितलं. मग पोरीला उघडी घेतली, झोळीत घातली, झोळी टांगली. मी हात जोडून उभी व्हते. बाईंनी दोनदा बघितलं. अन् म्हणल्या, "साडेचार."

भिंतीवर साडेसहा व्हतं.

"कधीपासून?"

"चार महिने," मी म्हणले.

बाईंनी हात उचलला, मला वाटलं मारत्यात. त्यांनी तो स्वताच्याच तोंडावर ठेवला.

म्हातारी पोरीच्या छातीला कान लावून बसली व्हती. ती म्हणली, "बहीण, हिच्या छातीत ठोका न्हाई वाजत. सूप पाखडल्यावाणी सुसू वाजतंय." बाई खाली बसल्या, कान लावला, डोळे मिटले. मग पोरीचं कपाळ बघितलं. मला म्हणल्या, "पाज हिला. माह्यासमोर. पदर काढ." मी पाजलं. पोरीच्या कपाळावर घाम आला. बाईंनी तो बोटानं पुसला अन् बोट माह्यासमोर धरलं. "हे तुला दिसत नव्हतं?"

मी म्हणले, "दिसत व्हतं."

 मग म्हातारीनंच, माही दया येऊन का काय, मला सांगितलं. "रडू नको. हिनं पण असंच केलं व्हतं." बाई म्हणल्या, "मी सांगते. माहं हाय ते." अन् भिंतीवरचा आकडा वाचावा तशा आवाजात सांगितलं. एका पावसाळ्यात नाल्याला सारखं पाणी, वाट निसरडी, त्या तीन महिने ह्या पाड्यावर चढल्याच न्हाईत. खाली रस्त्यावरच्या गावात बसून सगळ्या लेकरांचे वजनं मनानंच लिहिले. दर महिन्याला थोडं थोडं वाढवून. साहेबानं कागद बघून शाबासकी दिली. चौथ्या महिन्यात चढल्या, तवा ह्या म्हातारीचा पोरगा नव्हता. जाऊन नऊ दिवस झाले व्हते. अन् कागदावर तो वाढत व्हता.

"मी हिच्या पायावर पडले," बाई म्हणल्या, "अन् ही म्हणली, पाऊसच तसा होता बहीण, चहा घे."

म्हातारी हसली. तिला खरंच राग नव्हता, तिच्या तोंडावर कुठंच नव्हता. बाईंच्या तोंडाकडं मात्र बघवत नव्हतं.

त्याच दिवशी खाली उतरलो. पूर्ण रस्ता पोरगी बाईंच्या मांडीवर, त्यांच्या लुगड्यात गुंडाळलेली, अन् माह्याशी एक शब्द न्हाई. दुसऱ्या सकाळी मोठ्या डॉक्टरपुढं. आत्याबाई, हे, बाई, मी, सगळे उभे. डॉक्टरनं मशीन लावून बघितलं, म्हणले काळजाला भोक हाय, मोठं हाय. "वजन कधीपासून थांबलं?" हे म्हणले, "थांबलं न्हाई साहेब, लई चांगलं वाढून राहिलं व्हतं, आमच्या बाईंनी भिंतीवर लिहिलेलं हाय." डॉक्टरनं बाईंकडं बघितलं. बाईंनी माह्याकडं. त्या सांगू शकत व्हत्या. सांगितलं न्हाई, उभ्या राहिल्या.

मी सांगितलं. मोहरी, कुंची, सगळं. आत्याबाईंनी तिथंच माह्या पाठीत घातली. हे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. डॉक्टर म्हणले चार महिने आधी आणलं असतं तर फुप्फुस एवढं बिघडलं नसतं, आता ऑपरेशन करू, पण नंतरही सांभाळावं लागंल.

ऑपरेशन लांबच्या मोठ्या शहरात झालं, सरकारी योजनेतून. कागदांसाठी बाईच सगळीकडं फिरल्या, मोजे घालून, प्रत्येक टेबलावर भांडून. एकवीस दिवस दवाखान्यात माह्यासोबत राहिल्या. मला भाकर आणून द्यायच्या, माही वेणी घालून द्यायच्या, अन् बोलायच्या न्हाईत. पोरगी वाचली.

परत आल्यावर बाईंनी गुरवारचं बंद केलं. भिंतीला चुना मारला. बाया विचारायला यायच्या तर म्हणायच्या, सरकारी दवाखान्यात न्या, तिथं नवा काटा हाय. भाजीवाला आता गल्लीत थांबायला लागला. मला ते बघवायचं न्हाई.

एकदा दुपारी आत्याबाई बिलोलीला गेलेल्या असताना मी बाईंच्या खोलीत गेले. त्या खाटेवर पडून व्हत्या, त्यांचं आता स्वताचंच वजन उतरत चाललं व्हतं, पोटात गाठ निघाली व्हती. मी पाय धरले. म्हणले, "बाई, एकदा म्हणा, झालं ते झालं. पोरगी वाचली ना. एकदाच म्हणा."

 मग म्हणल्या, "न्हाई म्हणणार."

"बाई..."

"मला म्हणली व्हती ती. पहिल्याच दिवशी, चहा पाजून. तीस वर्ष दरसाल जाते, वाटतं औंदा तरी शिवी देईल. देत न्हाई. तिनं एक शिवी दिली असती ना, तर मी माणसात राहिले असते. असं कुत्रं-मांजर मोजत बसले नसते." दम लागला, थांबल्या. "तुला माफ केलं की तुला झोप लागंल. तुला झोप लागून चालायचं न्हाई. तुही पोरगी अजून धापती. राग धर माह्यावर, हवा तेवढा धर. पर मी म्हणणार न्हाई."

"बाई, मला लई भ्या वाटतं हो."

"वाटू दे. भेलेलं माणूस बरं. फक्त भिऊन खोटं बोलू नको."

पावसाळ्यात बाई गेल्या. मी शेवटचं पाणी पाजलं. तवा सुदीक म्हणल्या न्हाईत.

पोरगी आता तीन वर्षाची हाय. छातीवर मधोमध उभा व्रण, बोटाएवढा. पळायला लागली की मी मागं पळते. आत्याबाई आमच्यातच राहतात, माह्या हातचं जेवतात, पर पोरीला मी पाजायला-भरवायला बसले की येऊन समोर बसतात. मी घास भरवत राहते.

मागल्या महिन्यात तपासणीला नेलं व्हतं. आत जायच्या आधी आत्याबाई म्हणल्या, "चांगली हाय म्हणून सांग. उगं काहीतरी बोलशील अन् ते परत चिरायचं म्हणतील. माह्या लेकाची नोकरी जाईल सुट्ट्या घेऊन घेऊन." ह्यांनी मान हलवली. डॉक्टरनं पोरीला झोपवलं, छातीला ते लावून ऐकलं अन् माह्याकडं बघून विचारलं, "आई, खेळताना धाप लागते का हिला?"

आत्याबाईंनी माहा कोपर धरला. पोरगी टेबलावरून माह्याकडं बघून हसून राहिली व्हती, अशी की बघणाऱ्याला वाटावं हिला काहीच झालेलं न्हाई. मी टेबलाची कड धरली.

"लागते," मी म्हणले. "दिवाळीपासून जास्त लागते. ओठ बी काळे पडतात. लिहून घ्या."